मामाजींचा चेहरा

मामाजी,

गेला सगळा उन्हाळा मी तुमचा चेहरा काढण्यात घालवला. घरच्यांना वाटलं, हा तर हिच्या हातचा मळ. जिनं आजूबाजूच्या गावांतली मेलेली माणसं कॅनव्हासवर बसवून घरोघरी पोचवली, तिला स्वतःचा सासरा काढायला असा किती वेळ लागणार? मीही त्याच तोऱ्यात होते. कापड ताणलं, पांढऱ्याचे दोन हात दिले, ते वाळल्यावर कोळशाची कांडी घेऊन समोर बसले, आणि नुसती बसून राहिले. तुमचा चेहरा येईना. विसरले असते तर एक वेळ चाललं असतं, विसरलेलं कुठून तरी हुडकून काढता येतं. तुम्ही जिवंत असताना मी तो कधी पाहिलाच नव्हता. बारा वर्षं तुमच्याकडून चेहरे काढायला शिकले आणि तुमच्या चेहऱ्याकडे मान वर करून बघितलं नाही. घाई एवढ्यासाठी, की तुमच्या मुलाची नजर साखरेनं जात चालली आहे. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढी टिकली तरी नशीब. त्या दिवशी दवाखान्यातून येताना, घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "मले बाबा पाहाचे आहेत एकदा. तू काढ ना. मलेच आता त्याईचं तोंड आठवत नाही."

तुमच्या घरी सुनेनं सासऱ्यापुढे पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढायचा, समोर उभं राहायचं नाही, आणि बोलायचं झालंच तर सासूच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, तोंडून बोलायचं. मारेगावकडच्या माझ्या माहेरीही हीच रीत होती. आजोबा ओसरीत बसले असले की आई मागच्या दारानं पाण्याला जायची. त्यामुळे मला त्यात फार जाच वाटला नाही, खोटं कशाला सांगू. पदराखालून जेवढं जग दिसतं तेवढं मी पाहत होते. तुमचे पाय मला पाठ आहेत. उजव्या अंगठ्याचं फुटलेलं नख, टाचेच्या भेगा, त्यांत बसलेला पांढरा रंग. चहाचा कप घ्यायला पुढे आलेला हात आणि त्यावरचा भाजल्याचा डाग. फार तर हनुवटी, तीही कप देताना मी थोडी वाकले तरच. चेहरे काढणाऱ्या माणसाच्या घरात मी इतकी वर्षं पाय पाहत काढली.

पांढरकवड्याला मोठ्या रस्त्याला लागून आपलं घर, पुढे टिनाची खोली, तीच तुमची कामाची जागा. दिवसभर ट्रकवाले यायचे. कोणाला नंबर रंगवून हवा, कोणाला मागच्या फळीवर मोर हवा. ते काम पोटाचं होतं. ट्रक गेले की तुम्ही रस्त्याकडचा पडदा सरकवायचे आणि चेहऱ्याला बसायचे, तेव्हा तुमची चालसुद्धा हळू व्हायची. घरभर जवसाच्या तेलाचा वास. आत्याबाई कुरकुरायच्या की या घरात चटणीपुरतं जवस उरत नाही, सगळं मेलेल्यांच्या गालाला लागतं. माझ्याकडे ब्रश धुवायचं काम होतं. घासलेटात बुडवायच्या आधी ब्रशात उरलेला रंग मला टाकवायचा नाही, म्हणून मी मोरीच्या भिंतीवर तो पुसायची, आणि पुसता पुसता त्याचं कपाळ व्हायचं, गाल व्हायचा. एक दिवस आत्याबाईंनी ती भिंत तुम्हाला दाखवली. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. तुम्ही बराच वेळ मोरीत उभे होते आणि मग बाहेर गेले. त्याच आठवड्यात गवंडी आला आणि त्यानं स्वयंपाकघर आणि तुमची खोली यांच्यामधल्या भिंतीला खिडकी पाडली. आत्याबाईंनी विचारलं, हे काय काढलं नवीन? धूर जायला, असं तुम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, धूर तुमच्या चित्रांवरच जाईल की. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. मेल्याईले धुराचं काय." मामाजी, लोकांनी मला पुढे शाली दिल्या, नारळ दिले. पण त्या खिडकीइतकी मोठी वस्तू मला कोणी दिली नाही.

त्या खिडकीतून मला तुमची पाठ दिसायची आणि पाठीपलीकडे चित्र. तुमची मान मी झोपेत काढीन, मागून दिसणारे तुमचे कान तर विचारूच नका. आणि मग तुम्ही चित्राशी बोलायला लागलात. गालाखाली जरासा निळा लागते, नाही तर गाल फुगते. कान आधी घ्या, नाक मानूस फुगोते, कान कोनाच्या बापाले फुगोता येत नाही. आत्याबाईंना वाटायचं की म्हातारपण आलं, एकटेच बडबडतात. कोणाशी बोलताय ते मला ठाऊक होतं, आणि इकडे तव्यावर भाकर करपायची. काही दिवसांनी तुम्ही एखादा कान अर्धा सोडून पान खायला चौकात जायला लागले. मी हात धुवायची, तिकडे जायची, कान पुरा करायची आणि परत चुलीपाशी. दुसऱ्या दिवशी तुम्ही मोठ्यानं आत्याबाईंना सांगायचे की काल कोणी तरी कान काढून गेलं, चांगला काढला, फक्त कानात हाड नसते म्हणा. आठवडी बाजाराच्या दिवशी तुमचा निरोप यायचा की तिला जाऊ द्या, भाजी आणेल आणि एक नाक घेऊन येईल. मी रानातला डिंक विकायला बसलेल्या कोलाम बायांपुढे उगाच भाव करत रेंगाळायची, एखादं नाक डोळ्यांत धरून घरी यायची आणि गुळाच्या कागदावर कोळशानं काढून खिडकीत ठेवायची. कधी कागद उचलला जायचा, कधी आवाज यायचा की हे तर मागच्या बाजारचंच नाक दिसते. मी तोंडात पदर कोंबून हसायची. लग्न करून आलेल्या पोरीला सासर असं मिळेल हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

तुमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ घरांत मेलेल्या माणसाचा फोटोच नसायचा. मग तुम्ही सगळ्या घराला बाकड्यावर ओळीनं बसवायचे. कपाळ भावाचं घ्यायचे, जबडा थोरल्या मुलाचा, कान कुठल्या तरी नातीचे. मानूस मेला तरी घरात वाटून ठेवलेला असते, असं तुमचं म्हणणं. चित्र झालं की मुलं येऊन बघायची आणि एकदम बाबाच म्हणायची. तुम्ही तिकडे लक्ष द्यायचे नाहीत. तुमचं एकच सांगणं असायचं, सुनेले आना. मुलांना ते आवडत नसे. तिला काय कळतं, तिनं कधी त्यांच्याकडे नजर वर करून पाहिलं नाही, असं ती म्हणायची, आणि तुम्ही पानाचा तोबरा सांभाळत उत्तर द्यायचे, "बेटे बापाले गोरा करतेत, ऐटीत बसोतेत. सुनेचा हात खोटं बोलत नाही." मग सून यायची, तुम्ही चित्रावरचं फडकं काढायचे, आणि चित्राकडे न पाहता तिच्या हाताकडे पाहायचे. हात आपोआप पदराकडे गेला की चित्र झालं. नाही गेला की पातं घेऊन तुम्ही चेहरा खरवडायला लागायचे, मुलं कितीही नको नको म्हणोत.

राजूरची ती माणसं मला अजून दिसतात. म्हातारा कोळशाच्या खाणीत होता, मुलगेही तिथंच. चित्र तर असं उतरलं होतं की मी खिडकीतून बघून मनात वाहवा केली. सुनेला आणलं. ती उभी राहिली आणि तिचा हात तसाच खाली लोंबत राहिला. मुलगे म्हणाले, लाजते. तुम्ही आत्याबाईंना सांगितलं की तिला आत न्या, चहा पाजा. चुलीपाशी बसवून मी तिला विचारलं. कप रिकामा झाल्यावर हळूच म्हणाली, "मामाजीचं तोंड कधी मिटूनच नसे. धुळीनं दम लागे ना त्याईले. खालचा ओठ असा लोंबता राहे." मुलांनी बापाचं तोंड मिटून घेतलं होतं, त्यांना ते शोभेचं वाटलं असणार. मी खिडकीशी जाऊन, पदर ओढून, तिचं बोलणं तुम्हाला सांगितलं. तुमच्याशी मी सरळ बोलले ते पहिल्यांदा. तुम्ही चित्रातलं तोंड उघडं केलं. ती माणसं पुन्हा आली तेव्हा फडकं पुरतं निघालंही नव्हतं आणि तिचा पदर डोक्यावर होता. धाकटा मुलगा पाठ करून रस्त्यावर निघून गेला, बऱ्याच वेळानं परत आला. त्या रात्री तुम्ही एक भाकर जास्त खाल्ली असं आत्याबाई सांगत होत्या.

मग तुम्ही मला अख्खा चेहरा दिला. एक म्हातारी, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी सगळं जमवलं आणि तो पांढरा डोळा मात्र चांगला केला. बिचारी जन्मभर तसंच राहिली, निदान भिंतीवर तरी दोन डोळ्यांनी बघू दे, असं मला वाटलं. त्यांच्या सुनेचा हात निम्म्यात येऊन थांबला. लोक खुशीत चित्र घेऊन गेलेसुद्धा. तुम्ही स्टुलावर तसेच बसले होते, आणि मग खिडकीकडे वळले. मी पदर ओढला. बारा वर्षांत तुम्ही मला समोरून बोलले ते तेवढंच. "सुनबाई, मेल्या मानसाले सुधरवाचं नसते. तिनं त्या एका डोळ्यानं सारं घर सांभाळलं. तू दुसरा देऊन तिचा तोच डोळा काढून घेतला." मी चुलीपुढे बसून रडले. राग आला होता मला तुमचा, फार राग आला होता. रडणं ओसरल्यावर लक्षात आलं, की चूक स्वयंपाकात झाली असती तर तुम्ही आत्याबाईंच्या तोंडून सांगितलं असतं.

तुम्ही गेलात ते ऐन उन्हात, दुपारी. तापाचं निमित्त झालं. ओसरीत तुम्हाला निजवलं, सुनेची जागा पायांशी, म्हणून मी पायांशी. ते पाय माझ्या ओळखीचे होते. शेवटचं दर्शन म्हणून कोणी तरी तोंडावरचं कापड काढलं आणि मी मान वर केली. आता कोण अडवणार होतं. डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे, तिच्याखाली तीळ आहे, नाकाच्या एकाच बाजूला खोल आठी आहे. एक डोळा बारीक करून चित्राकडे बघायची सवय, तिची ती आठी असणार. कपाळाला पिवळा लागेल, ओठांपाशी जांभळट, असं मी मनात म्हणत होते. बाया जोरजोरात रडत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "हे काहून रडून नाही राह्यली? रडवा तिले कोनी." मी कशी रडणार होते, मामाजी? डोळ्यांत पाणी आलं असतं तर दिसलं नसतं. मग कापड पुन्हा ओढलं गेलं. जेवढं पाहायला मिळालं तेवढं मिळालं, पण तुमचे डोळे मिटलेले होते.

पुढचं तुम्हाला माहीत असायला हवं होतं. अर्धी राहिलेली कामं पुरी करायला म्हणून मी तुमच्या स्टुलावर बसले आणि उठलेच नाही. आधी लोक दारातून परत जायचे, बाई कुठं चेहरे काढते का म्हणून. मग राजूरकडच्याच कोणी तरी माझं नाव सांगितलं आणि माणसं यायला लागली. मीही बाकड्यावर घरदार बसवायची, कान आधी घ्यायची आणि शेवटी सुनेला आणा म्हणायची. चित्र संपवून ब्रश धुताना मला अजूनही वाटतं की आता मागून कोणी तरी काही बोलेल. हल्ली सुना पदर घेत नाहीत. चांगलं झालं, कोणी घेऊही नये, माझी मान त्या ओढण्यानं कायमची वाकली आहे. पण माझ्या हातातली परीक्षा गेली. लोकांची मोबाइलवर सोय झाली आहे. नखाएवढा फोटो दिला की दुकानातला पोरगा म्हाताऱ्याला मान हलवून हसायला लावतो, जन्मात न हसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा. माझ्याकडे आता चुकूनमाकून कोणी येतं.

माझी सून गेल्या हिवाळ्यात घरात आली. ती तुमच्या मुलासमोर खुर्ची ओढून चहा घेते, त्यांच्या घोरण्याची नक्कल करते, त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब तीच टाकते. पापणी बोटानं वर करून आत बघते आणि म्हणते, बाबा, आज लाली कमी आहे. पहिल्यांदा मी ते स्वयंपाकघरातून पाहिलं. हेवा वाटला. इतकं सोपं होतं तर हे.

तुमच्या मुलाला मी बाकड्यावर बसवलं. कान तेच, कपाळ तेच, जबड्याला आत्याबाईंची थोडी छटा होती ती काढून टाकली. भुवई, तीळ, आठी मला त्या दुपारपासून पाठ होती. मतदार कार्डावरचा तुमचा फोटो आहे, पण त्यात तुम्ही नाही, कुठलाही एक म्हातारा आहे. सगळा चेहरा होत आला, डोळे राहिले. मी विचारलं, कसे होते? ते म्हणाले, डोळ्यांसारखे डोळे, काळे असतील. थोड्या वेळानं त्यांनीच मला विचारलं की घारे होते का. मी म्हटलं, तुमचे वडील, तुम्हाला माहीत पाहिजे. तर म्हणाले, "बापाच्या डोळ्यात कोन पाह्यते?" एका घरात तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं राहिलेली दोन माणसं, आणि तुमच्या डोळ्यांचा रंग दोघांनाही सांगता येईना. मला त्या वेळी तुमची फार आठवण आली, आणि ज्याची आठवण आली त्याला तोंड नव्हतं. शेवटी मी यांचेच डोळे काढले, लग्न झालं तेव्हाचे, साखरेच्या आधीचे. ते मला चांगले आठवतात.

परवा चित्र हॉलच्या भिंतीवर लागलं. यांनी चष्मा दोनदा पुसला. मी फडकं काढलं तर हे चित्राकडे बघेनात, माझ्याकडे बघत होते. तुमच्या त्या खोलीत लहानाचे मोठे झालेले, परीक्षा त्यांना ठाऊकच होती, आणि तुमच्यासमोर पदर घेतलेली बाई या जगात आता मी एकटीच उरले आहे. हल्ली माझा पदर खांद्यावरच असतो. आमची सून मोबाइल धरून बाजूला उभी होती, तिला कळेना की चित्र सोडून हे माझ्याकडे काय बघताहेत. ते माझ्या हाताकडे टक लावून होते, आहे तेवढ्या नजरेनं. मग माझा पदर डोक्यावर गेला, पुढे नाकापर्यंत आला, मान खाली झाली. ते म्हणाले, "बाबाच हायेत," आणि चित्राच्या अगदी जवळ जाऊन, चष्मा कपाळावर चढवून, गालावरून बोटं फिरवत राहिले. रंग पुरता सुकला नव्हता, बोटांना लागला. तेव्हापासून सकाळचा चहा ते तिथंच घेतात. काल सुनेला सांगत होते की तुमचे डोळे असेच होते, आता सगळं आठवलं.

हे कुठं पाठवायचं नाही, आणि तुमच्या मुलाला आता एवढी बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून लिहिते. माझा हात आपणहून गेला नव्हता, मामाजी. मी तो उचलला.